वापरणाऱ्याची चूक

१

मुख्य परीक्षक परीक्षेच्या आदल्या दुपारी परीक्षेच्याच घरात मरून पडले. ही बातमी ऐकून उमेदवारांना आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली. माणूसच तसा होता. पाठीमागे सगळे त्यांना ‘कात्री’ म्हणायचे. मार्क कापण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि कापताना ते हसायचे.

संस्था घरांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आखणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यायची. दिवे, पडदे, कुलपं, कॅमेरे, आगीचे भोंगे, सिनेमाची खोली, सगळं एका पडद्यावरून चालवायचं असेल तर ते आखणारा माणूस प्रमाणपत्रवाला हवा. ते नसेल तर बिल्डर दारात उभं करत नाहीत. असेल तर लोक डोळे मिटून घर ताब्यात देतात. लेखी परीक्षा वर्गात व्हायची आणि प्रात्यक्षिक आवाराच्या मागच्या बाजूला बांधलेल्या नमुना घरात. आदल्या दिवशी सकाळी उमेदवारांना ते घर फिरवून दाखवायचे. दुपारी सगळ्यांना बाहेर काढून कात्री एकटे आत राहायचे आणि वायरिंगमध्ये मुद्दाम दोष पेरून ठेवायचे. ते शोधून काढेल तो पास.

या खेपेला दोष शोधायला पोलीस आले.

निरीक्षकबाई पोचल्या तेव्हा धूर निवळला होता, वास निवळला नव्हता. बाई निवृत्तीला टेकलेल्या, गुडघ्यांनी गांजलेल्या, आणि साहेबलोकांचं बोलणं मध्येच तोडण्याबद्दल खात्यात नाव कमावलेल्या. त्यांच्या मुलाने घरी बोलून लागणारे दिवे बसवले होते. बाईंच्या आवाजाला ते कधी दाद देत नसत, त्यामुळे या सगळ्या प्रकारावर त्यांचा आधीपासूनच राग होता.

कात्री सिनेमाच्या खोलीत मेले होते. चारी भिंतींना आवाज पिणाऱ्या जाड गाद्या, एका बाजूला पांढरा पडदा, कोपऱ्यात यंत्रांचं कपाट. आग त्या कपाटात लागली होती. आग कमी, धूरच जास्त. दारही गादीने मढवलेलं, भिंतीत मिसळून गेलेलं. त्याला आतून मूठ नव्हती, कडी नव्हती. शेजारी उघडायचं बटण आणि त्याच्या वर आणीबाणीची हिरवी पेटी. पेटीची काच फुटलेली होती.

“भोंगा वाजला नाही?” बाईंनी विचारलं.

“वाजला ना,” संस्थेचे संचालक म्हणाले. सुरेख कपड्यांतला, रुमालाने सारखी मान पुसणारा माणूस. “पण या दुपारी तो दरवर्षीच वाजतो. साहेब दोष पेरताना वाजवून बघतात. कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी वॉचमनला धुराचा वास आला, मग दार फोडलं. फार वाईट झालं. पण अपघात आहे, बाई. काम करताना काहीतरी चुकलं असणार. शेवटी काय, वापरणाऱ्याची चूक.”

हे शेवटचे शब्द त्यांच्या तोंडून इतके सहज आले, की बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ते शब्द या माणसाच्या जिभेवर आधीपासून बसलेले होते.

बाई गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा खाली वाकल्या. मेलेल्या माणसाच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं होतं. बटणाच्या प्लास्टिकवर रक्त होतं. त्यांनी ते बटण दाबलं होतं, दाबतच राहिले होते. पेटीही फोडली होती. काय चुकलं होतं त्यांचं?

“हवालदार,” बाई म्हणाल्या, “हे दार फोडताना कुलूप कुठे तुटलं ते बघा.”

हवालदारांनी चौकटीजवळ टॉर्च धरला. “कुलूप तुटलंच नाही, बाई. चौकट तुटली. कुलपाची जीभ अजून बाहेरच आहे.”

संचालकांच्या हातातला रुमाल मानेवरच थांबला.

२

कुलूप उघडून दाखवायला कात्रींचा भाचा आला. हे नमुना घर त्याच्याच कंपनीने उभारलं होतं. शहरातल्या निम्म्या उंची घरांची कामं त्याच्याकडे होती. त्याच्या प्रमाणपत्रावर मामांची सही होती, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे.

“साधी गोष्ट आहे,” तो ओल्या डोळ्यांनी म्हणाला. “या खोलीत ‘सिनेमा’ हे बटण दाबलं की दिवे मंद होतात, पडदा उतरतो, यंत्रं चालू होतात आणि दार आपोआप बंद होतं, म्हणजे मध्येच कोणी आत शिरू नये. आग लागली की भोंगा वाजतो आणि यंत्रणा कुलपाची वीज तोडते. हिरवी पेटी फोडली तरी तेच होतं, वीज तुटते. वीज गेली की जीभ आत जाते आणि दार सुटतं.”

“ही गेली नाही.”

“तेच मला...” त्याने कुलपाचं झाकण काढलं आणि आत बघितलं. रंग उतरलेल्या भिंतीसारखा त्याचा चेहरा झाला.

“बोला.”

“आत एक छोटा स्क्रू असतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “तो एका बाजूला फिरवला तर कुलूप वीज गेल्यावर सुटतं. दुसऱ्या बाजूला फिरवला तर उलट होतं. वीज गेली की अडकून बसतं. दुकानाच्या, तिजोरीच्या दाराला तसं लागतं. राहत्या खोलीला नाही.”

“आणि हा कुठल्या बाजूला आहे?”

“दुसऱ्या.” त्याने झाकण खाली ठेवलं. बाईंनी मनातल्या मनात जुळणी केली. आग लागली, भोंगा वाजला, यंत्रणेने वीज तोडली. वीज तुटल्याबरोबर कुलूप अडकलं. उघडायचं बटण विजेवर चालणारं, म्हणून तेही मेलं. मग त्यांनी पेटी फोडली, आणि पेटीने काय केलं? आधीच तुटलेली वीज पुन्हा तोडली. म्हणजे जीव वाचवायची जेवढी साधनं त्या खोलीत होती, ती एकजात त्यांच्या उरावर बसली होती.

घरातली बाकीची कुलपं तपासली, तर सगळी बरोबर. कपाटात एका तापणाऱ्या तारेभोवती पडद्यामागची गादी फाडून कोंबलेली सापडली. ‘सिनेमा’ दाबलं की ती तार तापत होती. आता अपघाताचं नावही काढायचं कारण उरलं नाही.

“मामांना मारलं कोणीतरी,” भाचा म्हणाला. मग बाईंच्या अगदी जवळ येऊन पुटपुटला, “आणि माझ्यावर आळ घ्यायला बघतंय.”

“तुमच्यावर का?”

“माझ्या वकिलाला विचारा,” एवढंच म्हणून तो बाहेर पडला.

३

सकाळी घर बघायला फार माणसं नव्हती. भाचा यंत्रणा चालवून दाखवायला होता. उमेदवार दोनच: घरांची सजावट करणारी एक तरुण मुलगी आणि विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे ‘नापासकाका’ म्हणत. बाकीच्या तुकडीची परीक्षा नंतरच्या तारखेला होती.

नापासकाका वर्गाच्या व्हरांड्यात बसले होते. ठेंगणे, टक्कल पडलेले, चष्म्याची काडी तारेने बांधलेली.

“बसा बाई. तुमचे गुडघे दुखतायत,” ते सरकून जागा देत म्हणाले. “मी इथला जुना खांब. इमारत बांधली तेव्हापासून नापास होतोय.”

“राग येत नाही?”

“कात्रींचा? ते सगळ्यांनाच कापायचे. मला जरा जास्त मायेने.”

“का नापास होता तुम्ही?”

“अभ्यास कमी पडतो.” काकांनी चष्मा पुसला. “या वयात काय राहतं डोक्यात.”

“सकाळी घर बघितल्यावर कुठे गेलात?”

“दुकानात. पंख्याचं एक गिऱ्हाईक ताटकळलं होतं.”

बाईंना हा माणूस आवडला, आणि आवडला म्हणूनच त्या सावध झाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना फसवलं होतं ते नेहमी आवडलेल्या माणसांनी.

सजावटवाली मुलगी मात्र तडतड फुटत होती. बसायला सांगितलं तरी बसेना.

“मी लपवणार नाही. मला त्या माणसाचा तिटकारा होता. भाच्याच्या कंपनीत नोकरी धर, मग बघू, असं मला सरळ म्हणाले होते. नाही म्हटलं तर आयुष्यभर उशांचे अभ्रेच निवडत बसशील, म्हणाले. ते मेले तर मी रडणार नाही. पण मारलं नाही मी.”

“कुलूप खोलून आतलं काम करता येतं तुला?”

“येतं. काकांनी शिकवलं. काकांनीच सगळ्यांना शिकवलंय. गेल्या वेळी पास झाले ते सगळे काकांच्या दुकानात मागे बसून शिकलेले.”

बाई थबकल्या. “जो सगळ्यांना पास करतो तो स्वतः नापास कसा होतो?”

“तेच तर.” मुलगी आता बसली. “लेखी परीक्षेत कुलपाचा एक प्रश्न असतो. तो सुरक्षेचा, म्हणून तो चुकला की अख्खा पेपर गेला. प्रश्न असा की दाराला अडकून बसणारं कुलूप असेल आणि आगीत वीज तुटली, तर आतला माणूस बाहेर पडू शकतो का. संस्थेचं पुस्तक म्हणतं, हो, पडू शकतो. आधी बटण दाबायचं, नाही जमलं तर पेटी फोडायची. दार उघडलं नाही तर ती वापरणाऱ्याची चूक. काका म्हणायचे, पोरी, पेपरात पुस्तकाचंच लिही आणि पास हो. घर बांधताना मात्र खरं उत्तर लक्षात ठेव. तो माणूस बाहेर पडू शकत नाही.”

“आणि काका स्वतः काय लिहितात?”

“खरं उत्तर. दरवेळी. मी एकदा भांडलेसुद्धा, की एका ओळीसाठी कशाला हट्ट करता. तर हसले नुसते.” ती जरा घुटमळली. “बाई, अजून एक. त्यांच्यावर आळ घेत नाहीये मी, पण तुम्ही नंतर मलाच विचाराल. दुपारी मी बसची वाट बघत होते. काका नमुना घराच्या फाटकासमोरच्या बाकावर बसलेले दिसले. हात केला, तर बघितलंच नाही त्यांनी. भोंगा वाजत होता तेव्हा.”

४

बाई थेट काकांकडे गेल्या नाहीत. त्या संचालकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, पाय पुढे पसरून, मुक्कामाला आल्यासारख्या बसल्या.

“तुमच्या पुस्तकातला कुलपाचा धडा कोणी लिहिला?”

“परीक्षकसाहेबांनी.”

“आधीपासून असाच होता?”

संचालकांनी रुमाल काढला. “सुधारित आवृत्ती निघतच असते.”

“मी ‘वापरणाऱ्याची चूक’ हे शब्द तुमच्याकडून ऐकले, पुस्तकातही तेच आहेत म्हणतात. आधी कोणासाठी वापरले होते ते सांगा. मी ऐकल्याशिवाय उठणार नाही, आणि उठायला तसाही मला वेळ लागतो.”

संचालकांनी पाणी मागवलं, फोन उचलून खाली ठेवला, आपली संस्था किती जुनी आहे ते सांगितलं. बाईंनी पाय आणखी पुढे पसरले. मग हळूहळू ते बाहेर आलं.

काही वर्षांपूर्वी एका घरात आग लागली होती. भाच्याने प्रमाणपत्र मिळाल्यावर आखलेलं ते पहिलं घर. नवं लग्न झालेली मुलगी दुपारी खोलीत झोपली होती. ‘झोप’ हे बटण दाबलं की पडदे ओढले जायचे आणि दार लागायचं. आग लागली, वीज तुटली, दार उघडलं नाही. खिडकीला जाड, न उघडणारी काच. पोलिसांनी संस्थेकडे तज्ज्ञांचं मत मागितलं. कात्रींनी मत दिलं की यंत्रणा निर्दोष आहे, दार उघडता येत होतं, मुलीने घाबरून योग्य त्या पायऱ्या पाळल्या नाहीत. केस बंद झाली. भाचा वाचला, संस्थेची अब्रूही वाचली. आणि आपलं मत चूक ठरू नये म्हणून कात्रींनी पुढे पुस्तकातला धडाच बदलला.

“पेटी होती त्या घरात?”

“होती. फोडली नव्हती. म्हणूनच तर...”

“फोडली असती तर उघडलं असतं?”

संचालकांनी खिडकीबाहेर बघितलं.

“मुलीच्या घरचं कोणी आलं होतं तुमच्याकडे?”

“वडील यायचे म्हणे. खाली बसून राहायचे. ‘साहेब जागेवर नाहीत’ असं मी शिपायाला सांगायला लावायचो. सगळ्यांना कुठे भेटणार, बाई?”

“म्हणजे तोंडही बघितलं नाहीत त्याचं.”

“नाही.”

“त्याने तुमचं बघितलं असणार,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या हाताला धरून उठल्या.

बाहेर पडताना हवालदार म्हणाले, “आता भाच्याला उचलायचा ना, बाई? मामाला सगळं माहीत होतं. तोंड उघडेल म्हणून उडवला.”

“ज्या चुकीने त्याच्या हातून एक मुलगी मेली, तीच चूक तो आपल्याच बांधलेल्या घरात करेल? सगळ्या जगाने बघावी म्हणून? त्याने दुसरी कुठलीही वाट धरली असती. कुलूप बघून तो पांढरा पडला तो त्याला जुनं दार आठवलं म्हणून.”

“मग ती पोरगी?”

“हवालदार, तुम्हाला एखाद्या माणसाला त्या खोलीत कोंडून मारायचं असेल, तर तुम्ही त्या हिरव्या पेटीचं काय कराल?”

“तिची वायर कापून टाकेन. उगाच धोका नको.”

“तिचा राग त्या माणसावर होता. रागावलेला माणूस तुमच्यासारखाच वायर कापेल. इथे पेटी धडधाकट आहे. बटण धडधाकट आहे. ज्याने हे केलं त्याला त्या माणसाला नुसतं मारायचं नव्हतं. पुस्तकात लिहिलेली एकूणएक पायरी त्याला करू द्यायची होती. आधी बटण, मग पेटी. आणि तरी दार उघडू द्यायचं नव्हतं.”

हवालदारांनी गाडीचं दार उघडून धरलं, पण बाई आत बसल्या नाहीत. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत त्या उभ्या राहिल्या. तिथून नमुना घराचं फाटक सरळ दिसत होतं.

५

दुकान अरुंद आणि टापटिपीचं होतं. वर टांगलेले पंखे, खाली वायरींची भेंडोळी. काका एका गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवत होते. बाईंना बघून त्यांनी गिऱ्हाईक निवांतपणे पूर्ण केलं आणि मग आतलं स्टूल पुढे सरकवलं.

“सकाळी घर बघताना बाकीचे दोघं वरच्या मजल्यावर गेले असतील,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पायऱ्या चढायला नको म्हणून खाली थांबलात.”

“माझेही गुडघे आहेतच की.”

“पंख्याचं गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही बाकावर होता.”

“होतो.”

“त्या आगीत गेली ती तुमची मुलगी.”

काकांनी हातातला बल्ब खोक्यात घातला, खोक्याची झडप लावली.

“एकुलती,” ते म्हणाले. “लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, म्हणून इथे अर्ज भरताना कोणी विचारलं नाही. उमेदवाराचं तोंड कोण बघतो? पहिल्यांदा आलो तो मारायला नव्हतो, बाई. मला फक्त समजून घ्यायचं होतं की माझी मुलगी कुठली पायरी विसरली. मला पंखे-दिवे कळायचे, हे नवं सामान कळत नव्हतं. शिकलो. शिकल्यावर कळलं की ती काहीच विसरली नव्हती. तिने बटण दाबून बघितलं, ते मेलेलं होतं. पेटी फोडून उपयोग नव्हता. मग मी ते पेपरात लिहिलं. म्हटलं, निदान तपासणाऱ्याच्या डोळ्यांपुढून तरी जाईल. त्यांनी माझ्यासमोर लाल रेघ ओढली आणि हसले. दुसऱ्या वर्षी परत लिहिलं. परत रेघ. त्यांना माहीत होतं, बाई. ज्याला माहीत नाही तो माणूस असा हसत नाही.”

“म्हणून तुम्ही स्क्रू फिरवलात.”

“ते तुम्ही सिद्ध करायचं.” काका पुढे झुकले. त्यांच्या आवाजात विनवणी होती, आणि तिच्यामुळे बाईंच्या अंगावर काटा आला. “मनापासून सांगतो, सिद्ध करा. मी आड येणार नाही. पण कसं करणार ते ऐका. कोर्टात तुम्हाला म्हणावं लागेल की या कुलपाने माणूस मरतो. आतल्याने सगळं बरोबर केलं तरी मरतो. बटण दाबून, पेटी फोडून, देशातल्या सगळ्यात जाणत्या माणसाने केलं तरी मरतो. हे म्हणालात तर मी खुनी. आणि हे खरं असेल तर माझ्या मुलीची काही चूक नव्हती, आणि त्यांचं मत खोटं होतं, आणि भाच्यावर खटला उभा राहिला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणा की पुस्तक बरोबर आहे, दार उघडता येत होतं. मग त्यांनी उघडलं का नाही? ती त्यांची चूक. मी सुटलो. दोन्हींतलं काहीही निवडा. मला दोन्ही चालतं.”

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. बाई काकांकडे बघत होत्या. असा नेम धरून बसलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्याने सावजाला मारलं होतं आणि पोलिसांना, कोर्टाला, संस्थेला, सगळ्यांना त्याच सापळ्यात उभं केलं होतं. आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण संचालकांचा तो रुमाल आठवून त्यांना आतून बरं वाटलं होतं.

“दुसऱ्या कोणी ‘सिनेमा’ दाबलं असतं तर?” त्यांनी मुद्दाम कठोरपणे विचारलं. “ती पोरगी? वॉचमन?”

“दुपारी ते एकटेच आत जातात आणि पहिल्यांदा तेच बटण दाबतात. तरी बाकावर बसलो होतो त्याचसाठी. दुसरं कोणी फाटकातून आत गेलं असतं तर मी दार फोडलं असतं. पहार पिशवीत होती.”

“म्हणजे पहार जवळ होती तुमच्या. भोंगा वाजत होता तेव्हाही.”

काकांनी चष्मा काढला. तारेने बांधलेली काडी ते बोटांनी चाचपत राहिले.

“एकदा उठलो होतो,” ते म्हणाले. “फाटकापर्यंत गेलो. हात लावला फाटकाला. मग वाटलं, तिच्या वेळी कोणाकडे पहार नव्हती, आणि ज्यांच्याकडे नंतर होती त्यांनी चूक तिचीच म्हणून ती तिच्यावरच घातली. परत येऊन बसलो.”

“काका, दोन्ही केस लिहिणार मी,” बाई म्हणाल्या. “तुमची आधी. तिच्यात मी एक शब्द सौम्य करणार नाही. फाटकाला हात लावून परत फिरलात, तेही लिहीन.”

“लिहा. आणि त्यांनी सगळ्या पायऱ्या पाळल्या हे स्पष्ट लिहा. बटण, पेटी, क्रमाने. कोणाला फाटे फोडायला जागा ठेवू नका.”

त्यांनी दुकानातले दिवे एकेक करून बंद केले, शटर खाली ओढलं आणि हवालदारांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

भाच्याला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं. सोबत वकील होता. कुलपाबद्दल विचारल्यावर वकील बोलत राहिला आणि भाचा रडत राहिला.

६

काकूंना सांगायचं काम हवालदारांवर सोपवता आलं असतं. बाई स्वतः गेल्या.

दार काकूंनीच उघडलं. त्या उंच होत्या, नवऱ्यापेक्षा बऱ्याच उंच. घरात साधे दिवे होते, भिंतीवरच्या खटक्यांनी लागणारे. दाराला कडी होती, जाड, लोखंडी, हाताने सरकवायची. खोल्यांच्या आतल्या दारांना मात्र कड्याच नव्हत्या. उपसून काढलेल्या, भोकं तशीच.

बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“नाही. मला म्हणायचे, परीक्षेचा नाद लागलाय.” काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. “आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलायचोच नाही. ती लहानपणापासून घाबरट. पालीला घाबरायची. ते कागदावर लिहून आलं, घाबरून चूक केली, तेव्हा मी ते खरं मानलं. मी तिच्यावर चिडले, बाई. मेलेल्या पोरीवर. एवढी वर्षं चिडून होते, की साधं दार उघडता आलं नाही तुला.”

“तिचं काही चुकलं नव्हतं.”

“आज कळलं.” त्या थांबल्या. “तो माणूस. त्याने हाका मारल्या असतील ना?”

“मारल्या असणार. पण त्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही. भिंतीच तशा आहेत.”

“तिच्या खोलीतून येत होता,” काकू म्हणाल्या. “शेजाऱ्यांनी ऐकला होता. मला येऊन सांगितलं त्यांनी, काय काय म्हणत होती ते.”

आयुष्यभर लोकांच्या दारात असल्या बातम्या घेऊन उभं राहिलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“त्याला किती वेळ लागला?” काकूंनी विचारलं.

हे सांगायचं नसतं. बाईंनी सांगितलं.

काकूंनी ते ऐकून घेतलं, मनाशी कशाशी तरी ताडून बघितलं, आणि खुर्ची सोडली. आत जाऊन त्यांनी कपाट उघडलं, एक जाडसर बंडी काढली, दोन्ही बाजूंनी उसवली आहे का ते उजेडाला धरून पाहिलं आणि घडी घालून बाईंच्या हातात दिली.

“त्यांना पहाटेचा खोकला होतो,” त्या म्हणाल्या. “कोठडीत चालते ना ही?”